पाहुण्यांची खोली : आधी माळवद, मग रंग



'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' अशी म्हण आपल्यात आहे. त्यात आता 'बैठक पाहावी सजवून' हेही जोडायला हरकत नाही. उसाचं बिल खात्यावर जमा झालं की घराघरांत एकच बोलणं निघतं. पोरीला पाहायला पाहुणे यायचे आहेत, थोरल्याचं लग्न ठरतंय, मग समोरची खोली अशी कशी ठेवायची? कोणी म्हणतं ऑईलपेंट मारू, कोणी म्हणतं खालून पीओपीचं छत करू, कोणी शहरातून सोफासेट आणायचा बेत करतं. आणि मग बिलातले पैसे पुरत नाहीत म्हणून पीककर्जाला हात लागतो.

घर नीट दिसावं ही इच्छा वाईट नाही. चार माणसं येतात तिथं मान जपावाच लागतो. परंतु पैसा कुठं आधी घालायचा आणि कुठं मागाहून, याचा क्रम चुकला तर पैसाही जातो आणि खोलीही सुधारत नाही. ह्या लेखात तो क्रम सांगायचा आहे. आपल्या बीड जिल्ह्यात जुनी घरं बहुतेक दगड-मातीच्या भिंतींची आणि माळवदाची. म्हणून मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे. स्लॅबच्या आणि पत्र्याच्या घरांबद्दल शेवटी चार गोष्टी सांगू.

पहिली पायरी : शिडी लावून वर चढा

खोली सजवायची म्हटलं की आपण भिंतीकडं बघतो. बघायला पाहिजे वर. पाणी वरून येतं, ओझंही वरच असतं.

माळवदाची रचना आपल्याला माहीत आहे. तुळया, त्यावर लाकडी सर, त्यावर किलचा, आणि वरून पांढरीच्या मातीचा थर. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते, हा तिचा मोठा गुण. पण दर पावसाळ्याआधी गळती बुजवायला आपण नवी माती टाकतो आणि जुनी कधी काढत नाही. बापानं टाकली, आज्यानं टाकली, आपणही टाकतो. असं करता करता थर दोन-दोन फुटांवर जातो.

त्याचं वजन किती होतं, याचा हिशेब मांडू. खोली १५ फूट लांब, १० फूट रुंद धरा. म्हणजे १५० चौरस फूट. माती दोन फूट जाड असेल तर ३०० घनफूट झाली. एक घनफूट कोरडी माती साधारण ४५ किलो भरते. एकूण १३,५०० किलो, म्हणजे साडेतेरा टन! बैलगाडीत दीड-दोन टन ऊस बसतो असं धरलं, तर सात ते नऊ गाड्यांचा ऊस आपण डोक्यावर ठेवून खाली पाहुण्यांना चहा देतो. पावसात माती भिजली की हे वजन आणखी वाढतं.

हे ओझं काय करतं ते मराठवाड्यानं पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. लोक झोपेत होते. जाड दगडी भिंती आतून-बाहेरून वेगळ्या होऊन फुगल्या, ढासळल्या, आणि वरचं माळवद सगळ्या मातीसकट खाली आलं. हादरा आपल्या जिल्ह्यातही जाणवला होता. ज्यांनी तो अनुभवला त्यांना वेगळं सांगायला नको.

त्यानंतर जाणकारांनी जुन्या घरांसाठी जे उपाय सुचवले त्यातला पहिलाच हा होता : माळवदावरची फाजील माती काढा, थर सुमारे आठ इंचांवर आणा, आणि पाणी मुरू नये म्हणून मातीच्या थरात जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. वरच्या हिशेबात थर आठ इंचांवर आला तर नऊ टन ओझं उतरतं. दुसरा उपाय भिंतीचा. दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतात, मधे नुसती माती-खडी भरलेली असते. म्हणून ठराविक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात आकडा काढलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात. त्यानं दोन्ही अंगं एकत्र बांधली जातात.

माती काढण्याचं काम घरच्या माणसांनी करता येतं, पण चार गोष्टी पाळाव्यात. काम कोरड्या दिवसांत करावं. एकाच बाजूची सगळी माती एकदम काढू नये, सगळीकडून सारखी उतरवत जावं. काम चालू असताना खाली कोणी बसू-झोपू नये. आणि सुरुवात करण्याआधी एखाद्या इंजिनिअरला किंवा जाणत्या गवंड्याला घर दाखवावं. भिंतीला बोट जाईल एवढी भेग असेल किंवा भिंत पोट काढून फुगलेली असेल, तर रंगाचा विषय बाजूला ठेवून आधी तीच दाखवावी.

वर चढलाच आहात तर पन्हाळ मोकळी आहे का, उतार पन्हाळीकडं आहे का, गवताची मुळं किती खोल गेलीत, तेही बघून घ्या.

दुसरी पायरी : तुळयांची टोकं तपासा

तुळई मधोमध क्वचित कुजते. ती कुजते भिंतीत बसलेल्या टोकाला, कारण तिथं ओल राहते आणि वारा लागत नाही. टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक टोकाशी दाबून बघावं. लाकूड टणक लागलं तर ठीक. टोक सहज आत शिरलं, भुसा निघाला किंवा वाळवीची मातीची नळी दिसली, तर तिथं आधी टेकू द्यावा आणि सुताराला बोलवावं.

आता पीओपी किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या छताबद्दल. जुनं काळं लाकूड दिसू नये म्हणून खालून असं छत मारायची टूम निघाली आहे. आमचं स्पष्ट मत आहे की माळवदाला ते मारू नये. गळती कुठं, वाळवी कुठं, तुळई कुठं वाकली, हे सगळं त्याच्यामागं लपतं. दिसत नाही म्हणून दुखणं बरं होत नसतं. त्यापेक्षा चुलीच्या धुरानं काळं झालेलं लाकूड कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पुसून काढा, वाळू द्या आणि वरून जवसाच्या तेलाचा हात द्या. खर्च थोडा येतो आणि खोलीला जुन्या वाड्याची शोभा येते.

तिसरी पायरी : भिंतीला श्वास घेऊ द्या

आमच्या माहितीतल्या एका घरी साखरपुड्याच्या आधी मातीच्या भिंतींवर ऑईलपेंट मारला होता. चकाचक दिसला. पुढचा पावसाळा संपेपर्यंत कमरेइतक्या उंचीपर्यंत फोड आले, आणि दिवाळीत बोट लावलं तरी पोपडे पडत होते. रंगवणाऱ्याला दोष दिला गेला, परंतु दोष त्याचा नव्हता.

कारण असं आहे. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, जसं वातीतून तेल चढतं. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल हळूहळू हवेत निघून जाते. वरून ऑईलपेंट मारला की तिची वाट बंद होते. ओल रंगाच्या मागं साचते, तिच्याबरोबर आलेले क्षार तिथंच जमतात, आणि भिंतीला लोणा लागून रंग फुगतो. सिमेंटच्या गिलाव्याचंही तेच. सिमेंट कडक, माती मऊ. माती ओलीनं फुगते, उन्हानं आकसते. सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही, म्हणून ते भिंतीपासून सुटतं. गाडग्यासारखा पोकळ आवाज आला की समजावं, आत माती आणि सिमेंट वेगळे झाले.

तेव्हा मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा द्यावा. मात्र शेतातली काळी माती घेऊ नये. वाळल्यावर ती कशी भेगाळते हे आपण दर उन्हाळ्यात रानात बघतो. पांढरी किंवा बारीक मुरमाड माती चाळून घ्यावी, गव्हाचं भुसकट घालावं, पाणी घालून आठ दिवस भिजत ठेवावी आणि रोज तुडवावी. भुसकट कुजून मुरलं की गिलावा चिवट होतो. ही रीत काल-परवाची नाही. अजिंठ्याची चित्रं अशाच भुसा आणि गवताचे तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, वरून पांढरा पातळ हात देऊन काढलेली आहेत, आणि ती दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत.

चौथी पायरी : चुना

आपल्या कारखान्यात उसाच्या रसातला मळ काढायला चुन्याचं दूध घालतात, हे आपण जाणताच. तोच चुना भिंतीच्या कामाचा. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो. पाणी घातलं की तो विरतो. भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे आपण भिंतीला दगडाचाच एक पातळ थर देत असतो, आणि त्यातून ओल आरपार जाऊ शकते.

प्रमाण असं : एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी. विरल्यावर चोवीस तास झाकून ठेवा आणि जाड फडक्यातून गाळा. दहा लिटर चुन्याला सुमारे ४० ग्रॅम बाभळीचा डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे कपड्याला पांढरं लागत नाही. नीळ घालायची तर किलोमागं तीन ग्रॅमपर्यंतच. जास्त झाली की भिंत आजारी दिसते. वर सांगितलेल्या १५ बाय १० च्या खोलीला, दहा फूट उंची धरून, तीन हातांना दहा-पंधरा किलो चुना पुरावा.

चुना लावताना लोक दोन चुका करतात. पहिली, कोरड्या भिंतीवर चुना मारतात. आधी भिंतीवर पाणी शिंपडावं, नाहीतर भिंत चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि त्याची नुसती भुकटी उरते. दुसरी, जाड हात मारतात. चुना ओला असताना खालची भिंत दिसते, म्हणून माणूस घाबरून आणखी थापतो. वाळल्यावरच तो पांढरा होतो. हात पातळ द्यावा, एक दिवस वाळू द्यावा, मग दुसरा. पहिला हात आडवा मारला तर दुसरा उभा मारावा. जुना ऑईलपेंट असेल तर तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय चुना धरत नाही.

खाली अडीच-तीन फुटांचा गेरूचा पट्टा काढावा. पोरांचे हात, टेकलेल्या पाठी, सारवणाचे शिंतोडे, सगळं त्यात खपतं. पिवळी माती घालूनही चुन्याला छान रंग येतो. हे मातीचे रंग चुन्यात विटत नाहीत.

एक सावधगिरी. कळीचा चुना विरताना उकळतो आणि उडतो. चुन्यात पाणी ओतू नये, पाण्यात थोडाथोडा चुना टाकावा. पोरांना लांब ठेवावं, डोळ्यांना चष्मा लावावा. डोळ्यात गेलाच तर चोळू नका. ताबडतोब स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहा आणि लगोलग दवाखाना गाठा.

पाचवी पायरी : उजेड आणि वायर

माळवदाच्या घरात खिडक्या लहान असतात. उजेड येतो दारातून आणि सवण्यातून, ज्याला कुठं साणं म्हणतात. गळतं म्हणून पुष्कळांनी सवणी बुजवून टाकली आहेत. ती उघडावीत, भोवती विटांचा कट्टा करून वर जाड काच बसवावी, आणि वारा जाण्यापुरती जाळीची फट ठेवावी. पांढऱ्या चुन्यावर हा उजेड पडला की खोली दुप्पट मोठी वाटते.

रात्रीसाठी एलईडी दिवे लावावेत. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट खातो. ९ वॉटचा एलईडी तेवढ्याच वेळात दीड युनिटाच्या आतच राहतो. मात्र दिव्याआधी वायर बघावी. लाकडी पट्टीवरची जुनी, कापड गुंडाळलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर, आणि तिच्यावर आता कूलर, टीव्ही, फ्रीज! वर लाकूड आणि किलचा आहेत हे विसरू नये. वायर बदला, अर्थिंग करून घ्या, आणि विजेची गळती झाली की आपोआप प्रवाह तोडणारं बटण मीटरजवळ बसवा. भिंत ओली असेल तर हे फारच गरजेचं.

सहावी पायरी : बैठक

आता कुठं पाहुणे बसायची वेळ आली. सोफासेट वाईट नाही, पण लहान खोलीत तो निम्मी जागा अडवतो आणि दहा पाहुणे आले की सातजण उभेच. आपल्याकडं गादी, लोड, तक्के यांची बैठक होती ती उगाच नव्हती. आपल्या जिल्ह्यात कापूस पिकतो. घरातल्या दडपलेल्या जुन्या गाद्या पिंजून घ्या, नवी खोळ शिवा. म्हाताऱ्या माणसांना खाली बसवत नाही, त्यांच्यासाठी एक दिवाण आणि दोन खुर्च्या पुरेत. जमीन उखडलेली असेल तर शहाबादी फरशी स्वस्त, थंड आणि टिकाऊ.

भिंतीवर काय लावावं? अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे. चाळीसेक फूट लांब कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. कापडाला एवढा मान देणारा आपला मुलूख. मग आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ गाठोड्यात का ठेवायची? ती धुऊन दिवाणावर अंथरावी. वाडवडलांचे फोटो लावावेत, पण चौकटीच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि फोटो यांच्यामधून वारा खेळतो आणि फोटोला ओल लागत नाही.

पैसा आणि वेळ

शंभर रुपये असतील तर आमच्या मते वाटणी अशी करावी : माळवद आणि भिंत ५०, वायर-दिवे १५, बैठक १५, चुना-रंग १०, आणि १० रुपये शिल्लक. कारण जुनं घर उघडलं की काहीतरी न ठरवलेलं निघतंच. पीककर्ज पिकासाठी असतं. ते खोलीत घातलं आणि फेड लांबली तर वेळेवर फेडीची व्याजसवलत जाते, आणि पुढच्या लागवडीला पुन्हा हात पसरावा लागतो. सावकाराचं तर नावच नको.

सगळं एकाच वर्षात, एकाच हप्त्यात करायला पाहिजे असं कुठं आहे? चैत्र-वैशाखात माळवद आणि तुळया करा. मृग बसला की पावसाला परीक्षा घेऊ द्या. कुठं गळतं, कुठं ओल येते ते खडूनं खुणा करून ठेवा आणि दुरुस्त करा. भिंती वाळल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, चुना लावा. तेव्हा ऊन तापलेलं नसतं, चुना सावकाश वाळतो आणि घट्ट धरतो. दिवाळीला गाद्या-तक्के. पुढचा हप्ता आला की फरशी.

आणि पाहुणे पुढच्याच महिन्यात येणार असतील तर? तर खोलीतलं अर्धं सामान बाहेर काढा, जाळ्या-जळमटं झाडा, चुन्याचे दोन हात द्या, गेरूचा पट्टा ओढा आणि बल्ब बदला. एवढ्यानं खोली उजळते आणि खर्च हाताबाहेर जात नाही. मात्र भेग पडलेल्या भिंतीखाली पाहुण्यांना बसवू नका, ओसरीत बसवा.

स्लॅबच्या आणि पत्र्याच्या घरांसाठी

स्लॅबच्या घरात भिंती सिमेंटच्या असतात, तिथं डिस्टेंपर चालतो. पण स्लॅबची सळई उघडी पडून गंजली असेल तर रंगाआधी ती दुरुस्त करावी, नाहीतर रंगासकट गिलावा खाली येतो. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो. स्लॅबवर आणि पत्र्यावर फाल्गुनात वरून चुन्याचे दोन हात दिले तर ऊन परत फेकलं जातं आणि खोली कमी तापते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत करावं, मधे वारा जायला जागा ठेवावी. आणि पत्र्याचे हुक, बोल्ट वादळाच्या आधी आवळून घ्यावेत. पत्र्यावर नुसते दगड ठेवणं धोक्याचं आहे.

सभासदांना विनंती एवढीच, की बिलातला पहिला रुपया रंगाच्या दुकानात देण्याआधी एकदा शिडी लावून माळवदावर चढा आणि मातीत सळई खुपसून थर किती इंच आहे ते मोजा. तो आकडा वहीत लिहून ठेवा, आणि खर्चाचा बेत त्याच्यापासून सुरू करा.